व्हॉल्व्हचं ऑपरेशन: आधी सर्जन की आधी पॉलिसी?

कारेलीबागकर:
आईच्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह (झडप) लीक आहे. वय ६६, ऑपरेशन सांगितलंय. भाऊ म्हणतो, विमा कंपनीच्या यादीतलं बडोद्याचं हॉस्पिटल धरा, तिथे असेल तो सर्जन. मला हे पटत नाही. मायट्रल दुरुस्त करता आला तर बदलण्यापेक्षा बरा, आणि दुरुस्ती हे सरावाचं काम आहे. ज्याच्या हाताला सवय नाही तो बदलाच म्हणणार. मी दोघा सर्जनना तोंडावर विचारलं, "अशा दुरुस्त्या तुम्ही स्वतः वर्षाला किती करता?" अहमदाबादच्यांनी आकडा सांगितला. इथले म्हणाले, "बेन, चिंता ना करो." बस, माझं ठरलं. गरज पडली तर पॉलिसी पोर्ट करू, म्हणजे त्यांचं हॉस्पिटल यादीत असलेल्या दुसऱ्या कंपनीत नेऊ.

रावपुऱ्याचा भाचा:
ताई, पोर्टचं विसरा. अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो आणि नवी कंपनी सरळ नाही म्हणू शकते. ऑपरेशन ठरलेल्या पेशंटला कोण घेणार? आजार लपवलात तर क्लेमच जाईल. पॉलिसी आहे तीच राहणार, तेव्हा तिच्यात बसेल तोच सर्जन. भावाचं बरोबर आहे.

कारेलीबागकर:
पोर्टचं मान्य. पण यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही ४८ तास आधी कळवून कॅशलेस मागता येतं, २०२४ पासून.

रावपुऱ्याचा भाचा:
मागता येतं, मिळेलच असं नाही. हॉस्पिटलने हो म्हणायला हवं ना. नाही म्हणाले तर काही लाख खिशातून भरा आणि मग फायली घेऊन फिरा.

दांडियाबाजारची मावशी:
दोघं भांडताय, पण खोलीभाडं कुणी बघितलं? आमच्या ह्यांच्या वेळी पॉलिसीत खोलीला दिवसाला ५,००० ची मर्यादा होती. मुलाने हौसेने १०,००० ची खोली घेतली. कंपनीने वरचे ५,००० कापले असते तर चाललं असतं, पण सर्जनची फी, ओटीचे चार्जेस, सगळं निम्मं केलं! औषधं आणि व्हॉल्व्हची किंमत तेवढी त्या कात्रीतून सुटली. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीशी उभं राहून मुलाचा चेहरा पडला होता. सर्जन कुठलाही करा गं, खोली मर्यादेतली घ्या.

सयाजीगंज ७२:
वयाची सत्तर ओलांडली असती तर उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळालं असतं, ५ लाखांपर्यंत. ६६ ला ते नाही. तरी अहमदाबादच्या यू. एन. मेहता या हृदयाच्या सरकारी इन्स्टिट्यूटमध्ये एकदा दाखवा. खासगीच चांगलं, हे डोक्यातून काढा.

फतेगंजची नर्स:
कारेलीबागकर, तुमचा प्रश्न योग्य, पण अर्धा. व्हॉल्व्ह कशाने बिघडलाय? पडदा सैल होऊन लीक असेल तर दुरुस्तीला वाव चांगला. लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने जाड, आखडलेला असेल तर चांगला सर्जनही बदलाच म्हणेल, आणि ती त्याची कमतरता नव्हे. अन्ननलिकेतून करतात तो इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का? बदलायचाच ठरला तर या वयात बहुतेक टिश्यू (प्राण्याच्या ऊतीचा) व्हॉल्व्ह सुचवतात. मेटलचा बसवला तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते) तपासत राहायचं. आणि दात आधी दाखवून घ्या, किडलेला दात तसाच ठेवून व्हॉल्व्ह बसवत नाहीत.

कारेलीबागकर:
तो इको अजून नाही झाला. सोमवारी करून घेते. पण कारण काहीही निघो, "चिंता ना करो" वाल्यांकडे मी आईला देणार नाही.

रावपुऱ्याचा भाचा:
नका देऊ. पण अहमदाबादच्या त्या हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला (विम्याचं काम बघतात तिथे) आजच फोन लावा, इकोची वाट बघू नका.