मोबाइलवरून लोक साइटवर येतात, पण फोन करत नाहीत. आधी काय दुरुस्त करावं?

कोरीपाटी
घरगुती उपकरणं दुरुस्त करून देणाऱ्या एका छोट्या व्यवसायाची साइट सांभाळतोय. वर्डप्रेस, विकत घेतलेली थीम, पेज बिल्डर, एकूण सहा पानं. येणारे बहुतेक जण मोबाइलवरचे. भेटी बऱ्यापैकी आहेत, पण साइट पाहून आलेले फोन नगण्य.

पेजस्पीड इनसाइट्समध्ये (गूगलची वेगाची चाचणी) डेस्कटॉपला १०० पैकी ९१ आणि मोबाइलला ३८ गुण मिळतात. मोबाइलवर एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) ६.४ सेकंद, सीएलएस (उघडताना पानाचे भाग किती हलतात याचं माप) ०.२७. पान उघडलं की पूर्ण रुंदीचा पाच चित्रांचा स्लायडर, मग "आमच्याविषयी", सेवा, अभिप्राय, नकाशा आणि तळाशी सात रकान्यांचा फॉर्म, त्याला कॅप्चा. फोन नंबर हेडरच्या चित्रातच आहे.

मालकांना जाहिरातीचं बजेट वाढवायचंय. माझं म्हणणं, आधी साइट नीट करू. थीम बदलायची परवानगी सध्या नाही. अशा वेळी सुरुवात कुठून करावी? ३८ हा आकडा कितपत मनावर घ्यावा? आणि फोन नेमका कुठून आला हे कळायला गूगल बिझनेस प्रोफाइल, व्हॉट्सॲप आणि छापील क्यूआर कोड साइटशी कसे जोडायचे?

खिळेमोळे
वेगाकडे नंतर बघा, आधी तो नंबर चित्रातून बाहेर काढा. चित्रातला नंबर दाबता येत नाही, कॉपी करता येत नाही, स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. ज्याचा फ्रिज बंद पडलाय तो माणूस दहा आकडे डोक्यात ठेवून डायलर उघडेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

नंबर साध्या मजकुरात लिहा आणि त्याला "टेल" लिंक (दाबली की डायलरमध्ये नंबर येतो) द्या, अधिक चिन्ह आणि देशाच्या कोडसकट. शिवाय स्क्रीनच्या तळाला चिकटून राहणारी एक पट्टी करा, त्यात दोनच बटणं: "फोन करा" आणि "व्हॉट्सॲप". बटणाची उंची किमान ४८ पिक्सेल, दोन बटणांत ८ पिक्सेल अंतर. अँड्रॉइडची शिफारस ४८ ची आहे, ॲपलची ४४ ची. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (साइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे निकष) २४ दिलेत, पण ती अगदी खालची मर्यादा आहे, चालता चालता अंगठ्याने दाबायच्या बटणाला ती पुरत नाही. पट्टीच्या उंचीइतकं पॅडिंग पानाच्या तळाशी द्यायला विसरू नका, नाहीतर फॉर्मचं "पाठवा" बटण पट्टीखाली दडतं. आयफोनच्या तळाशी जी आडवी रेघ असते तिच्यासाठी सेफ एरिया इनसेटची जागाही सोडा.

व्हॉट्सॲपसाठी वेगळं प्लगइन नको. ती तरंगती गोल बटणं स्वतःची स्क्रिप्ट घेऊन येतात आणि हमखास कशावर तरी बसतात. डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरकी रेघ, मग देशाचा कोड आणि नंबर, एवढी साधी लिंक पुरते. इथे मात्र अधिक चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मोकळी जागा, डॅश यांतलं काहीच चालत नाही. बरेच जण टेल लिंकमधला नंबर जसाच्या तसा इथे चिकटवतात आणि लिंक मोडते. पुढे टेक्स्ट पॅरामीटरमध्ये प्रत्येक पानासाठी वेगळा मजकूर आधीच भरून ठेवा. फ्रिजच्या पानावरून आलेल्याचा मेसेज "फ्रिज दुरुस्तीबद्दल विचारायचं आहे" असाच सुरू झाला, की तो कुठून आला हे वेगळं विचारावं लागत नाही. तो मजकूर यूआरएल एन्कोड करूनच, म्हणजे वेबपत्त्यात चालणाऱ्या चिन्हांत बदलूनच टाका.

फॉर्म तीन रकान्यांवर आणा: नाव, फोन, काय बिघडलंय. फोनच्या रकान्याचा टाइप "टेल" ठेवा म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. ऑटोकम्प्लीट चालू ठेवा. रकान्यांमधल्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असला तर आयफोनवर सफारी रकान्यात बोट टेकताच पान झूम करते आणि लोक तिथेच बावचळतात. हे थांबवायला काही जण व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये झूमच बंद करून टाकतात. तसं करू नका, कमी दिसणाऱ्यांची वाट बंद होते. अक्षर मोठं करा, प्रश्न सुटतो.

कॅप्चाऐवजी माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवा. बॉट तो भरतो आणि भरून आलेला फॉर्म टाकून द्यायचा. लहान साइटवरचा बराचसा कचरा यानेच थांबतो.

तिरकीरेघ
वरचं सगळं मान्य. आता ३८ बद्दल.

तो प्रयोगशाळेतला आकडा आहे. पेजस्पीडमागचं चाचणीचं साधन, लाइटहाउस, मुद्दाम मध्यम कुवतीचा फोन आणि मंद ४जी यांची नक्कल करतं. त्याच पानाला लागोपाठच्या चाचण्यांत पाच-सात गुणांचा फरक सहज पडतो, म्हणून तीन-चारदा चालवून मधला आकडा धरा. गूगल शोधात विचारात घेतं ती खऱ्या वापरकर्त्यांची मोजमापं, मागच्या २८ दिवसांची. ती पेजस्पीडच्या अहवालात सर्वांत वर येतात. भेटी कमी असल्या तर येतच नाहीत. चांगलं म्हणवून घ्यायला एलसीपी २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी (बोट टेकल्यावर पान प्रतिसाद द्यायला लावतं तो वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत आणि सीएलएस ०.१ च्या आत हवं, आणि तेही ७५ टक्के भेटींत. (एफआयडी हे आधीचं मोजमाप जाऊन मार्च २०२४ पासून आयएनपी आलंय, जुने लेख वाचताना लक्षात असू द्या.) गुण १०० करायच्या मागे लागू नका, ६.४ सेकंद खाली आणा.

तुमच्या पानाचं मूळ दुखणं जवळजवळ नक्की तो स्लायडर आहे. पेज बिल्डरमध्ये स्लायडरची चित्रं बहुधा सीएसएसमधली बॅकग्राउंड म्हणून लावलेली असतात. ब्राउझरला एचटीएमएल वाचताना ती दिसतच नाहीत. आधी सीएसएस उतरायची, मग स्लायडरची जावास्क्रिप्ट चालायची, तेव्हा कुठे पहिलं चित्र मागवलं जातं. तोवर उरलेली चारही त्याच रांगेत घुसतात.

तिथे एकच चित्र ठेवा, साध्या आयएमजी टॅगमध्ये. फोनची रुंदी ३६० ते ४३० सीएसएस पिक्सेल असते आणि घनता दुप्पट-तिप्पट, म्हणजे ८०० ते १००० पिक्सेल रुंदीचं चित्र भरपूर झालं. वेबपी, गुणवत्ता ७५ च्या आसपास, वजन १०० केबीच्या आत. एसआरसीसेटमध्ये (ब्राउझरला स्क्रीनप्रमाणे प्रत निवडू देणारी यादी) ४८०, ८०० आणि १२०० अशा तीन प्रती द्या. विड्थ आणि हाइट लिहाच, सीएलएसचा अर्धा भार तिथेच उतरतो. या एका चित्राला लेझी लोडिंग (स्क्रीनवर यायच्या वेळीच चित्र उतरवणं) लावू नका, उलट फेचप्रायॉरिटी "हाय" द्या. वर्डप्रेस ६.३ पासून हे आपोआप लावायचा प्रयत्न करतं, पण बॅकग्राउंड चित्रांना त्याचा उपयोग नाही. आणि ऑप्टिमायझेशनची काही प्लगइनं सरसकट सगळी चित्रं लेझी करतात, त्यांच्या सेटिंगमध्ये पहिलं चित्र वगळा.

त्याआधी अहवालात टीटीएफबी (सर्व्हरचा पहिला बाइट यायला लागणारा वेळ) बघून घ्या. सर्व्हरचा पहिला बाइट यायलाच दोन सेकंद लागत असतील तर चित्रं कितीही घासली तरी २.५ गाठणार नाही. पेज कॅशे (तयार पान साठवून तेच देणं) चालू करा, तरीही ०.८ सेकंदाच्या वरच राहिलं तर होस्टिंग बदला.

नकाशाची चौकट काढून त्या जागी साधं चित्र ठेवा आणि त्याला नकाशाची लिंक द्या. तसंही घरी येऊन काम करणाऱ्याचा नकाशा ग्राहकाला कशाला हवा?

साइट मराठीत असेल तर फॉन्टही तपासा. देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात. दोनच वजनं घ्या, वोफ२ स्वरूपात, स्वतःच्या सर्व्हरवरून, फॉन्ट-डिस्प्ले "स्वॅप". वजन कमी करायला एकेक अक्षर निवडून फॉन्ट कापू नका, जोडाक्षरं तुटतात. थीममध्ये शीर्षकांना लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं ते शून्य करा, त्याने शिरोरेघेत फटी पडतात. ओळींमधलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडत नाहीत.

कोरीपाटी
दोघांचेही आभार. टीटीएफबी १.१ सेकंद निघाला, म्हणजे कॅशेपासून सुरुवात. अडचण स्लायडरचीच आहे. मालकांना पाचही बॅनर वर हवेत, "सगळ्या सेवा दिसल्या पाहिजेत" म्हणून. आणि बॅनरवरचा मजकूर चित्रातच आहे.

तिरकीरेघ
मग त्यांना तो बॅनर त्यांच्याच फोनवर दाखवा आणि वाचायला सांगा. १९२० पिक्सेलचं चित्र ३६० च्या रुंदीत बसवलं की ४० पिक्सेलचं अक्षर साडेसातचं होतं. ते कुणालाही वाचता येत नाही.

सेवा दिसायला हव्यात ही त्यांची मागणी रास्त आहे. एका चित्राखाली पाच सेवांची पाच ठळक बटणं मांडा, दोन-दोनच्या ओळीत. प्रत्येक बटण त्या सेवेच्या पानावर जाईल. स्लायडरमध्ये पाचवी सेवा दिसायला थांबावं लागतं, इथे पाचही एकदम दिसतात. मालकांना हे पटतं.

"हे मोबाइलवर लपवा" हा बिल्डरमधला पर्याय मात्र वापरू नका. लपवलेला भाग एचटीएमएलमध्ये राहतोच आणि आयएमजी टॅगमधली चित्रं लेझी नसतील तर उतरतातही. म्हणजे मोबाइलवाल्याला दोन्ही पानांचं ओझं.

मोजपट्टी
बजेट वाढवण्याबद्दल: मोजमाप बसवल्याशिवाय जाहिरातीत एक पैसाही वाढवू नका. आज तुम्हाला "फोन नगण्य" हे अंदाजानेच कळतंय.

जीए४ (गूगल ॲनालिटिक्स ४) बाहेरच्या लिंकवरचे क्लिक आपोआप नोंदवतं, त्यामुळे व्हॉट्सॲपचे दिसतील. टेल लिंकचे दिसत नाहीत. गूगल टॅग मॅनेजरमध्ये लिंक क्लिकचा ट्रिगर करा, अट अशी की क्लिक यूआरएल "टेल" आणि कोलनने (:) सुरू होते. त्यावर एक इव्हेंट पाठवा आणि जीए४ मध्ये त्याला की इव्हेंट म्हणून खूण करा. बटण दाबलं म्हणजे फोन लागलाच असं नाही, म्हणून आठवड्यातून एकदा हा आकडा फोनच्या कॉल यादीशी ताडून बघा. बटणं दाबली जातात पण फोन उचलले जात नाहीत असं निघालं, तर दोष साइटचा नाहीच. कामाच्या वेळा बटणाजवळच लिहा.

बिझनेस प्रोफाइलमधल्या वेबसाइटच्या लिंकला यूटीएम (भेट कुठून आली हे सांगणारी, पत्त्याला जोडायची खूण) लावा: सोर्स गूगल, मीडियम ऑरगॅनिक, कॅम्पेनला प्रोफाइल ओळखू येईल असं नाव. नाहीतर त्या भेटी साध्या शोधात मिसळून जातात. यूटीएममध्ये सगळं एकाच पद्धतीने, लहान रोमन अक्षरांत लिहा. कॅपिटल आणि स्मॉल वेगळे धरले जातात आणि एकाच स्रोताच्या दोन ओळी होतात. साइटच्या आतल्या लिंकांना यूटीएम कधीही लावू नका, खरा स्रोत झाकला जातो.

प्रोफाइलमध्ये सगळ्यात वजनदार निवड म्हणजे मुख्य कॅटेगरी. ती शक्य तितकी नेमकी निवडा. ग्राहक तुमच्याकडे येत नसतील तर पत्ता लपवून सेवा क्षेत्र भरा, नियमच तसा आहे. नावात "सर्वोत्तम फ्रिज दुरुस्ती" वगैरे घुसवू नका, प्रोफाइल निलंबित होतं आणि परत मिळवताना दमछाक होते. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं आणि फक्त खूश ग्राहकांनाच अभिप्राय मागणं, दोन्ही नियमबाह्य आहे. काम संपलं की प्रत्येकाला लिंक पाठवा.

क्यूआर कोडमध्ये मोठा यूटीएमवाला पत्ता भरू नका. पत्ता जितका लांब तितके कोडमधले चौकोन बारीक. आपल्याच डोमेनवर छोटा पत्ता करा आणि तिथून यूटीएमवाल्या पानावर ३०२ (तात्पुरतं) रीडायरेक्ट द्या. ३०१ (कायमचं) नको, ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढे ठिकाण बदललं तरी जुन्याच पानावर नेतो. फुकट "डायनॅमिक" कोड देणाऱ्या सेवांपासून दूर राहा. सेवा बंद झाली की छापलेले सगळे स्टिकर वाया. त्रुटी दुरुस्तीची पातळी एम पुरते, भोवती चार चौकोनांची पांढरी जागा हवीच. जितक्या अंतरावरून स्कॅन व्हायचा, त्याच्या एक दशांश रुंदी धरा: हातभरावरच्या स्टिकरला ३ ते ४ सेंटीमीटर, दोन मीटरवरच्या फलकाला २० सेंटीमीटर. छापायला देण्याआधी एक प्रत जुन्या फोनने, कमी उजेडात तपासा.

आणि जाहिरात सुरू कराल तेव्हा गूगल ॲड्समधलं स्थानाचं सेटिंग आधी बघा. मूळ निवड त्या भागात असलेल्यांसोबत त्या भागात "रस दाखवणाऱ्यांनाही" जाहिरात दाखवते. घरी जाऊन काम करणाऱ्याला ते नकोय, "उपस्थिती" निवडा. फ्रिजची जाहिरात फ्रिजच्याच पानावर न्या, मुखपृष्ठावर नको. जाहिरातीतलं वाक्य आणि पानाचं शीर्षक एकच ठेवा.

खिळेमोळे
चाचणीबद्दल थोडं. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधला मोबाइल म्हणजे खरा मोबाइल नव्हे. कमी रॅमचा अँड्रॉइड घ्या, मोबाइल डेटावर, आणि साइट इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमधल्या लिंकवरून उघडा. ॲपच्या आतला ब्राउझर वेगळा वागतो, तळाची पट्टी तिथे सगळ्यात आधी बिघडते. पूर्ण उंचीचा भाग १००व्हीएच (स्क्रीनची पूर्ण उंची) असेल तर ॲड्रेस बारमुळे खालचा तुकडा कापला जातो, त्या जागी एसव्हीएच (ॲड्रेस बार दिसत असताना उरणारी उंची) वापरा. रुंदी ३२० करूनही पाहा. पान आडवं सरकत असेल तर दोषी बहुतेक वेळा ठरावीक रुंदीचा तक्ता, आयफ्रेम किंवा न तुटणारा लांब ईमेल पत्ता असतो.

कोरीपाटी
क्रम असा ठरवलाय: आज नंबर, पट्टी आणि टेलचा ट्रिगर, मग कॅशे, मग स्लायडर काढून पाच बटणं, शेवटी फॉर्म. प्रोफाइलची लिंक मालकांच्या लॉगिनमधून बदलून घेतो. पट्टीचा कोड थीमच्या फूटर फाइलमध्ये टाकला तर चालेल ना?

खिळेमोळे
थेट थीममध्ये नको, पुढच्या अपडेटला पुसला जाईल. चाइल्ड थीम (मूळ थीमवर बसणारी आपल्या बदलांची वेगळी थीम) करून तिच्या फंक्शन्स फाइलमध्ये डब्ल्यूपी-फूटर हुकवर टाका. आणि बदलानंतर कॅशे रिकामी करून इनकॉग्निटोमध्ये तपासा, लॉगिन असताना बऱ्याच कॅशे प्लगइनांतून तुम्हाला ताजं पान दिसतं आणि पाहुण्यांना जुनंच.