शब्दचर्चा : ‘किरकोळ’चं काय करायचं?

दौतटाक
एका अनुवादात अडकले आहे. युरोपातल्या दुकानदारांची आणि घाऊक व्यापाऱ्यांची युरोकॉमर्स नावाची संघटना ब्रुसेल्समध्ये आहे. परदेशी व्यापाराबद्दल युरोपियन युनियनने काय धोरण ठेवावं, यावर या मंडळींचं म्हणणं मराठीत आणायचं आहे. तिसऱ्याच वाक्याला हे तयार झालं : ‘किरकोळ व्यापाऱ्यांची मागणी आहे की किरकोळ मालावरील शुल्कमाफी रद्द करावी.’ पहिलं किरकोळ म्हणजे रिटेल. दुसरं म्हणजे कमी किमतीचं, ज्याला तिकडे लॅटिनमधून ‘डी मिनिमिस’ म्हणतात. वाचणाऱ्याला वाटेल, दुकानदार स्वतःच्याच मालावर कर मागतायत. काही सुचवा.

अकोलेकर
आमच्याकडे पाटीवर सरळ ‘ठोक व चिल्लर विक्रेते’ असतं. घ्या, मिटला प्रश्न.

दौतटाक
‘चिल्लर व्यापाऱ्यांची मागणी’? माझं मानधन तेवढंच येईल मग.

साखरपेठ
‘किरकोळ’ला आपणच खाली बसवलंय. किरकोळ दुखापत, किरकोळ कारण, किरकोळ रजा, अंगाने किरकोळ माणूस. घाऊक मात्र ढिगाने आणि एका फटक्यात : घाऊक बदल्या, घाऊक पक्षांतर. इंग्रजी ‘रिटेल’च्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधलं कापून तुकडा काढणं आहे. ताग्यातून दोन वार फाडून देणारा तो रिटेलवाला. आणि गंमत म्हणजे ‘ग्रोसर’ मुळात घाऊक विकणारा होता. आज तो पावशेर डाळ बांधून देतो.

ऱ्हाइनकाठी
मी कोलोनला कपडे आयात करणाऱ्या कंपनीत कस्टम्सची कागदपत्रं बघते, म्हणून जरा लांबण लावते. जर्मनमध्ये ‘हांडेल’ म्हणजे व्यापार. आइन्त्सेलहांडेल किरकोळ, ग्रोसहांडेल घाऊक, आउसेनहांडेल परदेशी. ‘आइन्त्सेल’ म्हणजे एकेक, सुटं. आपल्याकडेही ‘सुटा माल’ आहेच की. ‘सुटी विक्री’ला निदान कुणी हसणार नाही.

पण दौतटाक, तुमच्या वाक्यात खरा घोटाळा दुसऱ्या किरकोळचा आहे. आमचा टी-शर्ट कंटेनरमधून येतो. त्यावर साधारण १२ टक्के सीमाशुल्क, लेबलं, तपासण्या, सगळं आमच्या गळ्यात. तसाच टी-शर्ट ग्राहकाने फोनवरून मागवला आणि तो चीनमधून थेट त्याच्या दारात पार्सलने आला, तर १५० युरोंच्या आत शुल्क शून्य. पूर्वी २२ युरोंच्या आत व्हॅटही नसायचा, ती सूट १ जुलै २०२१ ला गेली. शुल्कमाफी राहिली. २०२४ मध्ये अशी सुमारे ४६० कोटी पार्सलं युरोपियन युनियनमध्ये आली, त्यातली ९१ टक्के चीनमधून. याला ‘किरकोळ’ म्हणायला जीभ रेटत नाही. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये युनियनच्या अर्थमंत्र्यांनी ठरवलं की १ जुलै २०२६ पासून अशा पार्सलातल्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूमागे ३ युरो घ्यायचे. तेव्हा ‘अल्पमूल्य पार्सलांची शुल्कमाफी’ लिहा. लांब आहे, पण कुणाच्या मालाबद्दल बोलतोय ते कळतं.

दौतटाक
ताई, हे फार कामाचं. मग ‘लेव्हल प्लेइंग फील्ड’ला काय? शब्दकोशात ‘समतल क्रीडांगण’ मिळालं.

साखरपेठ
अरे देवा. तिथे काय लंगडी खेळायची आहे? ‘सगळ्यांना एकच माप’ म्हणा. दुकानदाराच्या तोंडी शोभतं.

वखारवाला
न्हावाशेवाला क्लिअरिंगच्या कामात तीस वर्षं काढली, आता निवृत्त. एक धोक्याची सूचना. पुढे ‘ट्रेड डिफेन्स’ येईल. त्याचं ‘व्यापार संरक्षण’ करू नका.

२००५ ची गोष्ट. १ जानेवारीला कापडावरचा जागतिक कोटा, म्हणजे आयातीची ठरलेली मर्यादा, संपला आणि चिनी कपडे युरोपात धो धो आले. कारखानदारांनी ओरड केली. जूनमध्ये युरोपियन युनियनचे व्यापार आयुक्त पीटर मँडेल्सन यांनी शांघायला चीनशी बोलून नवा कोटा बांधून घेतला. पण दुकानदारांच्या ऑर्डरी आधीच गेलेल्या, माल बोटीवर. ऑगस्टपर्यंत कोटे भरले आणि स्वेटर, पँटी, ब्रा मिळून साडेसात-आठ कोटी कपडे बंदरांत अडकले. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ‘ब्रा वॉर्स’ असं नाव देऊन टाकलं. सप्टेंबरमध्ये तोडगा निघाला : अडकलेल्यातला निम्मा माल चीनच्या पुढच्या वर्षीच्या कोट्यात धरायचा, उरलेला युरोपने आपल्या अंगावर घ्यायचा. गोदीवर ज्याचा माल थांबतो त्याला विचारा, संरक्षण कुणाचं झालं ते. भाडं चालू, आणि हंगाम निघून गेलेला.

मग २००६ मध्ये चामडी बुटांवर अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे पडेल भावात माल ओतल्याबद्दलचं जादा शुल्क, लागलं, चीनवर १६.५ टक्के, व्हिएतनामवर १०. मार्च २०११ पर्यंत चाललं. तेव्हाही विरोधात बूट विकणारेच. म्हणून ‘स्वस्त आयातीविरुद्धचे उपाय’ असं कोरडं लिहा. ‘संरक्षण’ हा कारखानदाराच्या बाजूचा शब्द आहे.

अकोलेकर
काका, म्हणजे कंटेनरला वाट द्या म्हणणारे आणि पार्सल अडवा म्हणणारे लोक एकच?

वखारवाला
एकच. कंटेनर त्यांचा आहे, पार्सल दुसऱ्याचं.

ऱ्हाइनकाठी
+१. काकांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पण एवढंच नाही हो, बांगलादेशच्या शर्टाचंही बघा. तो शून्य शुल्काने येतो, युरोपियन युनियनने सगळ्यांत गरीब देशांना २००१ मध्ये दिलेल्या एका सवलतीमुळे. तिचं नाव ‘एव्हरीथिंग बट आर्म्स’. आमच्या ऑफिसात मी एकदा मराठीत सांगितलं, ‘शस्त्रं सोडून सगळं’, तर शेजारचा नगरचा मुलगा म्हणाला, ‘हे तर आमच्या तालमीच्या दारावर लिहिलेलं असतं.’

साखरपेठ
मूळ मथळ्याचं राहिलं. ‘ट्रेड पॉलिसी प्रायोरिटीज’. ‘किरकोळ व घाऊक व्यापाराचे व्यापार धोरण प्राधान्यक्रम’ असं केलंत तर वाचक तिथूनच परत जाईल. प्राधान्यक्रम सरकारचा असतो. संघटनेच्या मागण्या असतात.

दौतटाक
मागण्या म्हटलं की मोर्चा दिसतो. हे लोक कोट घालून निवेदन देतात. ‘आग्रहाचे मुद्दे’ चालेल का?

साखरपेठ
चालेल. किंवा नुसतं ‘आग्रह’. लग्नपंगतीचा वास येतो, पण जिलबी वाढणाराही काही कमी हट्टी नसतो.

दौतटाक
तर आत्तापुरतं असं : ‘परदेशी व्यापाराचं धोरण : युरोपातल्या दुकानदारांचे आणि घाऊक व्यापाऱ्यांचे आग्रहाचे मुद्दे. दीडशे युरोंच्या आतल्या पार्सलांची शुल्कमाफी काढावी आणि सगळ्यांना एकच माप लावावं…’ किरकोळ एकदाही आलं नाही!

अकोलेकर
घाऊकच्या जागी ठोक लिहा, एवढं ऐका.