मदत हवी आहे: एकोणीस वेळा १ लिहिला की मूळ संख्या होते, हे पोरांना कागदावर कसं दाखवू?

नमस्कार मंडळी, मी जुळे सोलापूरला आठवी-नववीचा गणिताचा क्लास घेतो. मूळ संख्या चालू होत्या आणि एका पोरीनं विचारलं, सर नुसते १ लिहीत गेलो तर मूळ संख्या कधी येते? ११ आहेच. १११ म्हणजे ३ × ३७, पाच एकं म्हणजे ४१ × २७१, सात एकं म्हणजे २३९ × ४६४९. सहा एकांचे दोन-दोनचे गट पडतात म्हणून ११ नं भाग जाणारच, म्हणजे एकं किती ती संख्याच मूळ नसेल तर तपासायची गरज नाही, हे पोरांनी स्वतःच काढलं, लई भारी वाटलं मला.

अकरा एकांनी मात्र घाम काढला. शेवटी फर्माचा नियम लावला की अवयव २२ च्या पटीत १ मिळवूनच येणार, आणि मग २१६४९ × ५१३२३९ मिळाले. तेरा एकांना ५३ आणि ७९ नं भाग जातो, सतरा एकांचे २०७१७२३ × ५३६३२२२३५७.

आता अडलंय ते १११११११११११११११११११ ला. ही मूळ आहे हे माहितीय, कॉम्प्युटर क्षणात सांगतो, पण पोरं विचारतात कशावरनं? वर्गमूळ १०५ कोटींच्या वर जातं, ३८ च्या पटीत १ एवढेच भाजक घेतले तरी पावणेतीन कोटी होतात की ओ. ऑस्कर हॉपनं शंभरेक वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर नसताना हे सिद्ध केलं, म्हणजे वाट असणारच. कुणाला माहिती असेल तर नववीच्या पोरांना झेपेल असं सांगा प्लीज.

प्रतिसाद:
सर, भाजक शोधूच नका, संख्येतनं १ वजा करा. उरतं १० गुणिले अठरा एकं, आणि अठरा एकं सहज फुटतात: ३, ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९, ३३३६६७, त्यात ३ दोनदा. आता ल्यूकासची कसोटी लावा. संख्येला न म्हणू. असा एखादा अ शोधायचा की त्याच्या न-१ व्या घाताला न नं भागल्यावर बाकी १ उरते, पण न-१ ला त्याच्या कुठल्याही मूळ अवयवानं भागून येणाऱ्या घाताला १ उरत नाही. असा अ मिळाला की न मूळच.

पोरांना आधी ११ वर करून दाखवा. २ चा १० वा घात १०२४, बाकी १. ५ वा घात ३२, बाकी १०. २ रा घात ४. झालं, ११ मूळ. मोठ्या संख्येला वर्गाचा वर्ग करत गेलं की एका घाताला साठेक वर्ग पुरतात, वर थोडे गुणाकार. फक्त अ म्हणून १० घेऊ नका, त्याच्या १९ व्या घातालाच बाकी १ येते.