समुद्री अभयारण्याची एका दिवसाची ट्रिप : तुमचे किस्से टाका

अबोली_कर्वेनगर
काल माळा आवरताना १९९६चं कालनिर्णय सापडलं. एका पानावर बाबांच्या अक्षरात पेन्सिलने मालवण ट्रिपचा प्लॅन, आणि मी तिथेच धुळीत बसून हसत सुटले. रात्री स्वारगेटहून एसटी, सकाळी ६ मालवण, ७ ते ९ अभयारण्य, ९ ते ११ किल्ला, मग जेवण, संध्याकाळची एसटी आणि दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला हजर!! कुठेतरी वाचलं होतं त्यांनी, की १९८७ला मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालंय, महाराष्ट्रातलं पहिलं. आता अभयारण्य म्हणजे गेट असणार, तिकीट खिडकी असणार. सकाळी ७ला आम्ही चौघं जेट्टीवर, भाऊ रात्रभर घाटात ओकून पिवळा पडलेला, आणि बाबा दिसेल त्याला विचारतायत अभयारण्याचं गेट कुठे. शेवटी एका होडीवाल्याने समुद्राकडे हात केला, "ह्या काय पाणी दिसता ता." म्हणजे सिंधुदुर्ग किल्लाच मुळी अभयारण्याच्या आत! बाबांनी वहीत दोन वेगळे कॉलम पाडलेले. आईने पुढे कित्येक वर्षं कशाचंही प्लॅनिंग निघालं की "सात ते नऊ अभयारण्य" म्हणून टोमणा मारला.
आता लेकाला (आठवी) तसंच काहीतरी बघायचंय आणि मला रविवार एकच मिळतो. तुम्ही कोणी गेलायत का असं? फजितीसकट लिहा.

खेकडा६५
एका दिवसात मालवण 🙏 एक बाजू पावणेचारशे किमीच्या आसपास आहे हो. बाबांना साष्टांग नमस्कार.

ताम्हिणीवेडा
आम्ही वेळास केलंय एका दिवसात, कासवं बघायला, मार्चमध्ये. पिल्लं सोडतात सकाळी ७ला आणि संध्याकाळी ६च्या सुमारास, म्हणून रात्री दीडला कोथरूडहून निघालो, ताम्हिणी माणगाव म्हसळा करत बागमांडल्याला पोचलो तर फेरीबोट सुरूच झालेली नाही, खाडीच्या पलीकडे वेशवी दिसतंय, त्याच्यापुढे वेळास आणि आम्ही अलीकडे गाडीत घोरतोय. सकाळचा चान्स गेला. मग दिवसभर बाणकोटचा किल्ला, एका घरी जेवण (सोलकढी!! अजून आठवते), आणि संध्याकाळी किनाऱ्यावर. जाळीच्या कुंपणात वाळूत अंडी पुरून ठेवतात, नाहीतर कोल्हे कुत्रे उकरून खातात, वर टोपल्या पालथ्या. एकेक टोपली उचलतात आणि सगळी गर्दी श्वास रोखून. पाच टोपल्या रिकाम्या. सहावीत सात पिल्लं. पुढचा अर्धा तास ती तुरूतुरू पाण्याकडे, लाट आली की परत मागे, परत पुढे. माझ्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या "एवढंच?" आणि गाडीत बसल्यावर अचानक रडायला लागल्या, का ते आजतागायत सांगितलं नाही.
रात्री दीडला घरी. म्हणजे बरोब्बर २४ तास.

पेशवेपार्क
वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं मूळ गाव ना? साडेतीन शहाण्यांपैकी. फेरीबोटीची वेळ त्यांनी आधी काढून ठेवली असती 😜

ताम्हिणीवेडा
@पेशवेपार्क नाना पूर्ण शहाण्यात नव्हतेच, ते अर्धे. आम्ही पाव.

रुखवत
घाटात ओकणाऱ्या मुलांसाठी आलेपाक द्या, पुढच्या सीटवर बसवा, मोबाईल अजिबात बघू देऊ नका. माझ्या धाकटीला वरंधा घाटात... जाऊ दे, कोणी जेवत असेल.

भरतीओहोटी
अबोली, लेकाला घेऊन ऐरोलीला जा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ला झालं, २०२२पासून रामसर स्थळसुद्धा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). पुण्याहून सव्वाशे-दीडशे किमी, बोटीतून फ्लेमिंगो. पण बोटीची वेळ रोज वेगळी कारण सगळं भरतीवर. माझं माहेर मुंबईचा कोळीवाडा, आम्हाला लहानपणीच शिकवलेलं की तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता अंदाजे पूर्ण भरती. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊण सहा, सहा वाजता. पौर्णिमा पंधरा, सव्वाअकरा. तुम्हा पुणेकरांना दुपारची भरती सोयीची, म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचा रविवार बघ, त्रयोदशी ते द्वितीया. बाबांचं कालनिर्णय इथे कामाला येईल, फक्त यंदाचं घे गं बाई. आणि निघायच्या आधी बोटीचं बुकिंग कन्फर्म कर.

सिंहगडरोडचा_वैतागलेला
हे गणित मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!! एका ग्रुपबरोबर गेलो होतो, नाव घेत नाही. आरामात ७ला निघाले, लोणावळ्यात वडापाव ब्रेक, फूडमॉलला परत ब्रेक, ११ला तिथे. भरती त्या दिवशी सकाळी पावणेसातला होऊन गेलेली. (आत्ता कॅलेंडर काढून बघितलं, नवमी. पाऊणपट बरोब्बर.) म्हणजे भरती होती तेव्हा आम्ही घरून निघत होतो. बोट रद्द, समोर नुसता चिखल, फ्लेमिंगो लांबवर गुलाबी ठिपके. ग्रुप लीडर म्हणतो निसर्गापुढे कोणाचं चालतं. अरे पण कॅलेंडर तर बघ! पोरगा मात्र खूश, तिवरांखाली चिखलात निवटे (चिखलात चालणारे छोटे मासे) उड्या मारत होते आणि एक नांगी मोठी असलेले ते छोटे खेकडे, तासभर हलला नाही तिथून. घरी येऊन आजीला सांगितलं, बाबा चिडले होते पण मासे चालत होते.

खेकडा६५
एक नांगी मोठी तो नर. उपस्थिती लावली.

सदाशिव_३०
फ्लेमिंगो बघायला भिगवण असताना मुंबईकडे जायचं कारण कळलं नाही.

भरतीओहोटी
@सदाशिव_३० भिगवण छानच आहे हो, पण ते धरणाचं गोडं पाणी. तिकडे जास्त करून मोठा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), फिकट. खाडीत बहुतेक छोटा रोहित, तो शेवाळ खाऊन जास्त गुलाबी. मुलाला *समुद्री* हवंय.

सदाशिव_३०
भिगवणला मासे चांगले मिळतात एवढंच सांगायचं होतं.

अबोली_कर्वेनगर
भाजी फोडणीला टाकून लिहितेय. भरतीओहोटीताई, तुम्हाला मोठ्ठं थँक्यू. अमावास्येच्या आदल्या दिवशीचा रविवार सापडला, चतुर्दशी, म्हणजे साडेदहा. पहाटे ५ला निघायचं. बाबांना (७८) फोनवर वाचून दाखवलं सगळं, तर ते म्हणे मी पण येणार, आणि पहिला प्रश्न काय, तिथे गेट आहे का? म्हटलं आहे, तिकीट खिडकी पण आहे. "मग ठीक आहे." वही काढून बसलेत आता.

रुखवत
आजोबांना पण आलेपाक. आणि अबोली, त्या जुन्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर पाककृती असतील बघ, फोटो टाक ना.