मदत हवी आहे: वर्षभराचं शास्त्रवाचन लेवीयपाशी अडतं, काय करावं?

प्रभूच्या नावाने सर्वांना सलाम.

मंडळीतल्या घरांसाठी पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) वाचनाचा तक्ता करते आहे. एकूण अध्याय १,१८९. सोमवार ते शनिवार रोज ३ आणि रविवारी ५ धरले की वर्षात बसतात. पण सरळ क्रमाने गेलं तर जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात निर्गम या दुसऱ्या पुस्तकाचा २५वा अध्याय येतो. तिथून पुढे निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या फळ्या, बैठका, पडद्यांची हातांतली मापं. लगेच लेवीय या अर्पणांच्या नियमांच्या पुस्तकाचे २७ अध्याय. एक आठवडा चुकला की २३ अध्याय थकतात, आणि मग पुस्तक कपाटात जातं. मनाला फार लागतं हे.

म्हणून जुन्या करारातले २ (रविवारी ४) आणि नव्यातला १ असं विभागलं आहे. नव्या कराराचे २६० अध्याय सप्टेंबरच्या मध्यात संपतात, पुढे फक्त जुना. स्तोत्र ११९ मात्र एका दिवसात नको, त्याचे ८-८ वचनांचे २२ भाग आहेतच.

विचारायचं हे: लेवीय वाचताना सोबत नव्या करारातलं इब्रीकरांस पत्र ठेवावं का? अर्पणांचा अर्थ तिथे उलगडतो, पण लहान मुलांना झेपेल? आणि थकलेलं वाचन भरून काढायला लावावं, की सोडून त्या दिवसाच्या अध्यायावर यावं? घरच्या प्रार्थनेत ज्यांनी हे चालवलंय त्यांनी कृपया सांगा.