घोकंपट्टी आणि गोगलगाय

बरेच जण म्हणतात की कायद्याची पदवी म्हणजे निव्वळ कलमांची घोकंपट्टी. पहिले काही महिने मलाही तसंच वाटायचं. मग टॉर्टच्या (करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई मागता येते, तो कायदा) तासाला १९३२चा डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन खटला आला. जिंजर बिअरच्या अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तक्रार. पण बाटलीचे पैसे दिले होते सोबतच्या व्यक्तीने, म्हणजे पिणाऱ्या बाईंचा कुणाशी करारच नाही! मग उत्पादकाला धरायचं कशावर? हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ३ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की ग्राहकाची काळजी घेणं उत्पादकाचं कर्तव्य आहे. (गोगलगाय खरंच होती का, हे मात्र कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. प्रकरण पुढे तडजोडीत मिटलं.)

हे निकालपत्र मुळातून वाचा, विरोधी मतांसकट. निकालाचा गाभा कुठला आणि न्यायाधीश जाता जाता बोलून गेले ते कुठलं, हे वेगळं काढताना पहिल्यांदा घाम फुटतो. गाइडमध्ये ते आयतं मिळतं, पण पेपरात काल्पनिक प्रसंग देऊन 'अशिलाला सल्ला द्या' म्हटलं की गाइडवाले अडकतात. मीही अडकलो होतो.