जुन्या रॅम-मदरबोर्डातनं घरी सोनं काढायचंय, सुरुवात कशी करू? (सोलापूर)

पत्र्याची_खोली
मंडळी जरा मदत पाहिजे. मी नवी पेठेत कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात कामाला आहे. मालकानं गोडाऊन रिकामं करायला काढलंय आणि पोती भरून जुना माल मला देऊन टाकला, म्हणला नेतोस तर ने नाहीतर भंगारात घालतो. त्यात रॅम आहेत (डीडीआर १ आणि २ पिढीच्या जास्त, थोड्या ३), मदरबोर्ड, लॅन कार्ड, मॉडेम, आणि बंद मोबाईलच्या बोर्डांची एक पिशवी. यूट्यूबवर बघितलं तर लोक बादलीत टाकतात, ऍसिड ओततात आणि शेवटी पिवळाधमक गोळा हातावर घेऊन दाखवतात. आमच्या घरी भवानी पेठेत वरती पत्र्याची खोली आहे, रिकामीच असते, खिडकी एक आहे. दोस्त डायिंगमध्ये (कापड रंगवायच्या कारखान्यात) आहे तो म्हणतोय ऍसिड आणि परॉक्साईड पाहिजे तेवढं आणून देतो.
तर विचारायचं असं की एवढ्या मालात अंदाजे सोनं किती असेल, नायट्रिक ऍसिड लागतंच का की बाथरूमच्या (हायड्रोक्लोरिक) ऍसिडवर भागतं, आणि निघालेलं सोनं सराफ घेतो का, का बिल मागतो? ग्रॅमचा भाव दहा हजाराच्या पुढं गेलाय म्हणून डोक्यात आलं, खोटं कशाला बोलू.

शेंगाचटणी
काय करूलाय बे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत माणूस बसत नाही, तिथं ऍसिड घेऊन बसणार? घरी विचारलास का आधी?

गलाईवाल्याचा_भाचा
हसू नका, प्रश्न बरोबर आहे त्याचा. आमचं गाव विट्याकडचं, मामा लोकांची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची, दुकानं तमिळनाडूत. तेजाब (नायट्रिक ऍसिड), मूस (धातू वितळवायचं भांडं), टाकणखार हे बघतच मोठा झालो म्हणून लिहितो.

आधी हिशोब कर, मग ऍसिडचं बोलू. डीडीआर १ च्या रॅमला १८४ पिवळ्या पट्ट्या असतात. एक पट्टी ढोबळमानाने एक मिलीमीटर रुंद आणि तीन मिलीमीटर लांब धर, म्हणजे सगळं मिळून साडेपाच चौरस सेंटीमीटर. आता त्यावर सोन्याचा मुलामा किती जाड? चांगल्या कंपनीचा माल असेल तर अर्धा मायक्रॉन, हलका असेल तर ०.१ मायक्रॉन. सोन्याची घनता १९.३. गुणाकार केलास तर एका रॅममागं चांगल्यात चांगलं ५ मिलीग्रॅम आणि हलक्यात १ मिलीग्रॅम येतं. म्हणजे एक ग्रॅम सोन्याला दोनशे रॅम, आणि माल हलका निघाला तर हजार. तुझ्या पोत्यात किती आहेत ते मोज एकदा. आणि हे सुद्धा कागदावरचं, नवशिक्याच्या हातात यातलं सगळं येत नाही, बरंच फिल्टरमध्ये आणि धुतलेल्या पाण्यात जातं.

व्हिडिओतला गोळा बघून फसू नको, त्या माणसानं किती किलो पट्ट्या कापून ठेवल्या होत्या ते तो शेवटी सांगतो, नाहीतर सांगतच नाही. टोकियो ऑलिंपिकची मेडल जुन्या इलेक्ट्रॉनिक मालातनं केली होती ते ऐकलं असशील. जवळपास ७९ हजार टन माल आणि ६२ लाख मोबाईल गोळा केले जपान्यांनी, सोनं निघालं ३२ किलो. टनाला अर्धा ग्रॅम पण पडत नाही, कारण त्यात मिक्सर-कॅमेरे सगळंच होतं. नुसते मोबाईलचे बोर्ड टनभर घेतले तर शे-दोनशे ग्रॅमच्या वर जातं, आपल्या शेजारच्या रायचूरकडं हट्टीच्या खाणीत टनभर दगडातनं काही ग्रॅमच निघतं त्या मानानं लई झालं. पण टनभर बोर्ड कुठं आणि आपली पिशवी कुठं.

सराफाचं म्हणशील तर तो पावडर घेणार नाही. वितळवून लगड करून नेलीस तर टंच (शुद्धता) काढून घेईल, पण कुठनं आणलं ते विचारणारच आणि विचारलंच पाहिजे. मशीनवर टंच बघतात ते वरच्या थराचं असतं, त्यामुळं मुलाम्याचा माल दाखवायला नेऊ नको, लोकांची नजर बदलते.

पत्र्याची_खोली
मोजल्या, रॅम दीडशेच्या आसपास आहेत. म्हणजे एक ग्रॅम पण नाही!! हिशोब बघून जरा थंड झालो. पण दादा नायट्रिकशिवाय होतं म्हणतात ना, ती हायड्रोक्लोरिक आणि परॉक्साईडवाली पद्धत, एपी का काय. त्याच्यात धूर कमी येतो म्हणे.

टॉवेलवाला_डायिंग
तुझ्या दोस्ताला पहिलं विचार परॉक्साईड किती टक्क्याचा. आमच्याकडं टॉवेलच्या ब्लीचिंगला येतो तो ५० टक्के. व्हिडिओत जो वापरतात तो मेडिकलमधला ३ टक्क्यांचा. नाव एक असलं तरी जमीन-अस्मानाचा फरक. ५० टक्क्यांचा थेंब बोटाला लागला की कातडी चुन्यासारखी पांढरी पडते आणि मग आग सुरू होते, आमच्याकडं नवीन पोराला पहिलं हेच दाखवतात. कॅनच्या झाकणाला हवा जायला वाट मुद्दाम ठेवलेली असते कारण आतनं सतत गॅस सुटत असतो. दोस्त जर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून झाकण गच्च लावून आणणार असेल तर त्याला सांग आणू नको, उन्हात फुगून फुटती. आणि त्यात तांब्याचा, गंजाचा कण पडला तर जास्तच वेगानं उकळतं, तू तर पट्ट्यांखालच्या तांब्यावरच ओतणार.

ऍसिडचं म्हणशील तर हायड्रोक्लोरिकची वाफ दिसत नाही म्हणून नाही असं नसतं. ज्या खोलीत उघडं ठेवशील तिथले पत्रे, कडी-कोयंडे, सायकल, पंख्याची जाळी सगळं पंधरवड्यात तांबडं होतं. भवानी पेठेत म्हणतोस म्हणजे शेजारी लूम (यंत्रमाग) असणारच. त्याच्या फणीला गंज चढला की कापडाला डाग आणि मग तुझा शेजारी काय बोलेल ते इथं लिहिता येणार नाही. सोलापुरात उन्हाळ्यात वरच्या खोलीत बाटलीचं झाकण काढलं तरी फुस्स करतं.

अजून एक, धुवायला पाणी किती लागतं ते कुणी सांगत नाही. सोन्याची फॉइल (पापुद्रा) सुटली की चार-चारदा धुवायला लागते. आपल्या नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते तुला माहीतच आहे. आणि ते तांबं विरघळलेलं हिरवं पाणी मोरीत सोडणार का?

बारावी_केमिस्ट्री
वरच्या दोघांनी बरंच सांगितलं, मी फक्त रसायनाचं बोलतो कारण बरेच जण अर्धवट ऐकून करतात.

सोनं नेहमीच्या कुठल्याच एका ऍसिडला दाद देत नाही. नायट्रिक तांबं आणि चांदी खातं, सोन्याला सोडतं, गलाईवाले हेच वापरतात. हायड्रोक्लोरिक तर नुसतं असेल तर तांब्यालाही फारसं काही करत नाही. परॉक्साईड टाकला की तांबं विरघळतं, द्रावण हिरवं होतं आणि मग ते हिरवं द्रावणच पुढचं तांबं खात जातं, हवा मिळाली की परत ताजं होतं. पट्टीखालचं तांबं गेलं की वरचा सोन्याचा पापुद्रा सुटून तरंगतो. याला दिवस लागतात, तासात होत नाही. घाई म्हणून परॉक्साईड वाढवला की क्लोरीन सुटतो आणि थोडं सोनं पण विरघळून बसतं.

दुसरी वाट म्हणजे आम्लराज, तीन भाग हायड्रोक्लोरिक एक भाग नायट्रिक. शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते पण घरात करायची ही गोष्ट नाही. त्यातनं जो तपकिरी धूर येतो तो नायट्रोजन डायऑक्साईड. हा पहिल्यांदा घशाला थोडा झोंबतो, खोकला येऊन थांबतो, माणूस म्हणतो काही नाही झालं. आणि सहा-आठ तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरतं. रात्री झोपेत दम लागायला लागतो आणि घरच्यांना कळतच नाही कशामुळं. साधा कापडी मास्क, रुमाल, कोरोनातले उरलेले एन-९५ यातलं काहीही गॅस अडवत नाही. एक खिडकी म्हणजे हवा खेळती नव्हे, वारा आत येत असेल तर धूर जिन्यातनं खालच्या घरात उतरतो.

अख्खे बोर्ड आम्लराजात टाकणारे पण बघितलेत. सोल्डरमधलं कथिल पांढरा चिकट साका करतं, त्यात सोनं अडकतं आणि फिल्टर चोंदतो. शिवाय जोवर द्रावणात तांब्याचा तुकडा शिल्लक आहे तोवर विरघळलेलं सोनं परत त्याच्यावर जाऊन बसतं. मग लोक म्हणतात सोनं गेलं कुठं. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं ते वेगळंच, ते हाताला, कपड्याला लागून घरातल्या लहान पोरांपर्यंत जातं.

तीन गोष्टी तर कुणी सांगितल्या तरी करू नको. बोर्ड जाळणं, कारण प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीनची रसायनं घातलेली असतात आणि जाळलं की डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. सायनाईड, त्याला ऍसिडचा थेंब लागला की जो गॅस सुटतो तो विषारी. आणि सोन्याच्या द्रावणात अमोनिया, वाळला की स्फोटक होतं, नुसतं खरवडलं तरी उडतं.

शेंगाचटणी
सर तुम्ही तर आज रात्री झोप उडवली. बाळा पोती खाली आण.

गलाईवाल्याचा_भाचा
सर बोलले ते खरंय. आमचे थोरले मामा साठीच्या आत आहेत, देवळाच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबतात. आयुष्य तेजाबाच्या धुरात गेलं, त्या वेळी धुराडं पण नव्हतं दुकानात. आता पोरानं पंखा, धुराडं, धूर पाण्यातनं काढायची टाकी सगळं केलंय, पण मामांचा दम काय परत येत नाही. आणि गलाईचं सोनं निदान तोळ्यात असतं, मिलीग्रॅमसाठी हे करत नाही कुणी. सराफ कट्ट्यावर दुकानापुढची माती झाडून नेऊन धुणारे झारेकरी असतात ना, ते सुद्धा मातीत काय निघेल याचा अंदाज घेऊनच माती उचलतात.

भंगार_लाईन
इथं कुणी धंद्याचं बोलतच नाही म्हणून लिहितो. मी लाईनमधलाच आहे, पुण्याला माल पाठवतो.

पहिलं, रॅम चालू आहेत का बघ. तू रिपेअरिंगवाला आहेस, टेस्टिंग तुझ्या हातचा मळ. डीडीआर ३ चालू असेल तर तिच्यातल्या सोन्याच्या कितीतरी पट जास्त पैसे ती रॅम म्हणून विकली तर येतात. जुन्या मशीन चालवणारे सीएनसीवाले, कारखान्यातले बिलिंगवाले डीडीआर २ पण शोधत असतात, त्यांना नवीन मिळतच नाही. पन्नास रुपयाच्या सोन्यासाठी चालू रॅम ऍसिडात बुडवणं म्हणजे डोकं फिरलंय.

दुसरं, बंद माल वेगवेगळा कर. रॅम वेगळ्या, मोबाईल बोर्ड वेगळे, मदरबोर्ड वेगळे, पॉवर सप्लायचे तपकिरी बोर्ड वेगळे. एकत्र पोतं नेलंस तर सगळ्याला सगळ्यात हलक्या मालाचा भाव लागतो. हीटसिंकचं ऍल्युमिनियम, ट्रान्सफॉर्मर-कॉइलचं तांबं, वायर हे काढून घे, ते गावातच रोख जातं. खरे पैसे तुला इथंच दिसतील. सिरॅमिकचे जुने सोनेरी झाकणाचे सीपीयू असतील तर ते फोडू नको, घासू नको, तसेच ठेव, त्याला हौशी लोक वेगळे पैसे देतात.

तिसरं, कायद्याचं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, रिसायकलिंग करायचं तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. घरात ऍसिड लावून धातू काढणं त्यात बसतच नाही. ऍसिड विकत घ्यायला पण २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून ओळखपत्र आणि कारण लिहून द्यायला लागतं. दोस्तानं डायिंगच्या खात्यातनं काढून दिलं तर तो पण अडकतो. शेजाऱ्यानं नुसती तक्रार केली तरी बास आहे.

पत्र्याची_खोली
सगळ्यांचे आभार. दोस्ताला कॅन नको म्हणून फोन केला, तो म्हणला बरं झालं, त्याचा सुपरवायझर आधीच विचारत होता. आज दुकान बंद झाल्यावर रॅम टेस्टिंगला बसलो होतो, डीडीआर ३ मधल्या निम्म्याहून जास्त चालू आहेत, नुसत्या पट्ट्या खोडरबरानं पुसल्या तरी काही उठल्या. मालक बघून म्हणला मग मला परत दे, आता द्यायच्या का ते सांगा हाहा.
शेवटचा प्रश्न. मदरबोर्डवरच्या मोठ्या चिप आणि कनेक्टर हॉट एअरनं काढून वेगळे विकावेत का? हॉट एअर दुकानात आहेच.

भंगार_लाईन
नको. बोर्ड अख्खा विक. चिप काढलेला बोर्ड घेणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो आणि भाव पाडतो, आणि सुट्या चिपला एवढ्या कमी मालात गिऱ्हाईक नाही. शिवाय सोल्डरचा धूर दिवसभर नाकात. फक्त बॅटरी काढ, बोर्डावरच्या गोल सेल आणि मोबाईलच्या पण, त्या पोत्यात दाबल्या की पेट घेतात. फुगलेली असेल तर वाळूच्या डब्यात वेगळी ठेव. आणि हार्डडिस्क असतील तर मालकाला विचारल्याशिवाय देऊ नको कुणाला, गिऱ्हाईकांचे फोटो-कागद असतात त्यात.

टॉवेलवाला_डायिंग
मालकाला निम्म्या दे, वाद नको. बाकी डीडीआर २ च्या दोन-दोन जीबीच्या असतील तर मला सांग, आमच्या काउंटरचा पीसी लई रडतोय.